ओसरीवरून : ऐकून घेण्याविषयी

माझा एक पुतण्या गेली काही वर्षे अमेरिकेत असतो. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. हल्ली पत्र म्हणजे मोबाईलच्या काचेवर उमटणारी अक्षरे. तरी ‘तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार’ हा मायना त्याने अद्यापि सोडलेला नाही, एवढ्यावर मी समाधान मानतो. पत्रातील हकीकत अशी : त्याच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ त्याला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेले. प्रार्थनेकरिता नव्हे. तेथे आठवड्यातून एका संध्याकाळी वीसएक माणसे, काही गोरी, काही काळी, खुर्च्या गोल मांडून बसतात आणि वर्णभेदाविषयी बोलतात. मध्ये एक सूत्रधार असतो. त्याने मत द्यायचे नाही. बोलणे वळणावर ठेवायचे. बोलणाऱ्याने आपल्यावर जे गुदरले तेवढेच सांगावे. ‘तुमचे लोक असेच’ हे शब्द वर्ज्य. ऐकणाऱ्याने उत्तर देऊ नये, समजूत घालू नये, ‘माझ्या मनात तसे नव्हते’ असेही म्हणू नये. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे, आणि बोलणारा ‘होय, हेच’ असे म्हणाला म्हणजे मगच पुढे जावे.

पत्राच्या शेवटी तो लिहितो, ‘काका, मला कोणी विचारले की, तुमच्या देशात असे काही आहे काय? मला उत्तर सुचले नाही.’

उत्तर मलाही चटकन सुचले नाही. प्रथम मनात आला तो संस्कृत पंडिताचा अहंकार. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे तीन भेद फार पूर्वीच करून ठेवले आहेत. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा पाडण्यासाठी चालते ती वितंडा. खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडून दाखवावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त. तेव्हा अमेरिकेतील मंडळींनी नवे ते काय केले? असे मी लिहिलेही होते. पण पाठविले नाही. कारण आपल्या सभेत पूर्वपक्ष मांडला जाई तो पंडिताचा. अंगणाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा पूर्वपक्ष कोणी मांडला?

त्या देशाला ही गरज का पडली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया शहरातील एका चर्चमध्ये अबसालोम जोन्स नावाचा काळा गृहस्थ गुडघे टेकून प्रार्थना करीत असता त्याला मध्येच उठविण्यात आले. त्याची जागा ती नव्हे, म्हणून. तो, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले ते पडलेच. ॲलन यांच्या पुढाकाराने 1816 साली काळ्यांचा स्वतंत्र पंथ उभा राहिला. पुढे 1845 साली दक्षिणेकडील बाप्टिस्ट मंडळींनी गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडच्यांशी फारकत घेतली, आणि त्या पापाबद्दल ठराव करून क्षमा मागितली ती 1995 साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. रविवारी सकाळी अकराचा प्रार्थनेचा तास हाच अमेरिकेतील सर्वांत विभागलेला तास होय, असे मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1960 मध्ये खेदाने सांगितले होते. 1963 साली बर्मिंगहॅम येथील काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब ठेवून चार मुलींचा जीव घेण्यात आला. एवढे झाल्यावर खुर्च्या गोल मांडाव्या लागतात यात नवल नाही.

आता आपल्याकडचे. धर्मांतराचा विषय निघाला की आमच्या घरांतून वडील मंडळी पानावरून अर्धपोटी उठतात, हे मी जाणतो. आजचा विषय तो नाही. तरीही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोकणातील करजगावी 1861 साली जन्मलेला हा ब्राह्मण 1895 मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाला आणि अहमदनगरच्या (त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागला. आता पाहा, धर्म एक, देव एक, प्रार्थना एक. पण बंगल्यातील साहेब निराळा आणि त्याच्या हाताखालील हिंदी ख्रिस्ती निराळा. निर्णय साहेबाचा, पैसा साहेबाचा. टिळकांना हे सलत असे. भजन, कीर्तन, अभंग या मराठी मार्गांनीच आपल्या लोकांशी बोलले पाहिजे, परक्या पोशाखात आलेला देव घरचा वाटणार नाही, हा त्यांचा आग्रह. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, ते वारले.

त्यांचे बोलणे फुकट गेले नाही. नगर भागात काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याच्या मनात ते रुजले. त्याने 1923 साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्याच्या आधीच्याच वर्षी ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. नियम साधे होते : गोरा आणि हिंदी एका छपराखाली राहतील, खादी नेसतील, जमिनीवर बसून एकच शाकाहारी अन्न जेवतील. राज्य इंग्रजांचे असताना इंग्रजाने हिंदी माणसाच्या पंक्तीला खाली बसावे, ही लहान गोष्ट नव्हे. 1927 साली संघ पुण्यास आला. त्याच वर्षी व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण संघात दाखल झाला. पुढे तो गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिला. 1928 च्या जानेवारीत साबरमतीच्या आश्रमात निरनिराळ्या धर्मांच्या मंडळींची एक स्नेहपरिषद भरली, तिलाही एल्विन हजर होता. सर्व धर्म सत्य आहेत आणि सर्वांत काही ना काही दोषही आहेत, असे गांधीजींनी तेथे सांगितले. म्हणजे पुतण्याला उत्तर द्यायचे तर गोल खुर्च्या आपल्याकडे नव्हत्या, चटया होत्या.

पुण्याच्या त्या आश्रमात पुढील काळात सिस्टर सारा ग्रँट या विदुषी आचार्या झाल्या. शंकराचार्यांच्या वेदान्तातील ‘संबंध’ या कल्पनेवर त्यांनी प्रबंध लिहिला आहे. एका ख्रिस्ती संन्यासिनीने भाष्य मुळातून वाचावे आणि आमच्या घरातील मुलांना ‘तत्त्वमसि’ची फोड करता येऊ नये! असो, तो विषय पुन्हा केव्हातरी.

गोऱ्या-काळ्याची दरी अशी थोडीफार बुजली. पंथापंथांची दरी बुजविण्यास बोलणी 1929 साली सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची एक चर्च झाली. मेथडिस्टांची एक मोठी शाखा अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिली. एकेचाळीस वर्षे बोलत राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी भावाभावांच्या वाटणीची बोलणी पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको. पण जातीची दरी? ती चर्चच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता आली नाही. कोठे बसायला निराळी जागा, कोठे निराळे कब्रस्तान. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने 2016 च्या डिसेंबरात दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करून, आपल्या घरातही हा भेद आहे, अशी कबुली दिली. इकडे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाहीत. म्हणजे चर्चमध्ये त्याची जात मोजली जाते आणि सरकारदरबारी ती मोजली जात नाही.

आमचा जिल्हा नामदेवांचा. नर्सी येथे त्यांचा जन्म झाला असे आम्ही मानतो, आणि औंढ्याच्या नागनाथाची कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. देवापुढे कीर्तन करणाऱ्या शिंप्याला मागच्या बाजूस जायला लावले. तो निमूट मागे गेला आणि गाऊ लागला. तेव्हा देऊळच फिरले. नंदी मागच्या अंगाला राहिला तो आजही तेथेच दाखवितात. ही कथा मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितली. मुलांचे डोळे देवळाकडे लागत. फिलाडेल्फियाच्या जोन्सची गोष्ट पुतण्याच्या पत्रानंतर वाचली तेव्हा मात्र मला प्रथमच वाटले, देऊळ फिरले हे ठीक. पण ज्यांनी नामदेवाला उठविले ते त्या रात्री घरी जाऊन काय बोलले असतील?

हे वाटण्याचे कारण आहे, आणि ते सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही.

माझ्याबरोबर शाळेत गणित शिकविणारे एक शिक्षक होते. नगरकडचे. त्यांच्या आजोबांनी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यापूर्वीची त्यांची जात कोणती, हे गावाने त्यांच्या आगमनानंतर आठवड्याच्या आत शोधून काढले. नोकरीची पहिली वर्षे ती. ते दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येत. ते गणिताचे कूट घालीत, मी सुभाषित म्हणे. ओसरीवर चहा येई. माझा कप पितळी तबकात. त्यांचा मात्र कानतुटका, निळ्या रेघेचा, खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला. आई हयात होती, घरात तिची शिस्त होती. चहा झाला की ते स्वतः उठून अंगणातील नळावर तो कप विसळीत आणि फळीवर पालथा घालीत. मी त्या वेळी पंचांग पाहत असे. तिथी मला अगोदरच ठाऊक असे.

पत्र आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. तेही आता सेवानिवृत्त असून हिंगोलीतच असतात. मी म्हणालो, ‘सर, एक विचारायचे आहे, आणि तुमचे बोलून होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.’ त्यांनी चष्मा काढला. कप त्यांना आठवत होता. रेघ निळी होती हेही. म्हणाले, ‘गुरुजी, कपाचे मला वाईट वाटत नसे. तशा कपांची सवय लहानपणापासून होती. मी नळाकडे जाऊ लागलो की तुम्ही मान खाली घालीत होता, त्याचे वाटे. वर पाहिले असते तर मी काहीतरी बोललो असतो.’

मी उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि नियम आठवून मिटले. आयुष्यभर पोरांना गप्प बसा म्हणणाऱ्या माणसाला ते किती जड जाते, हे त्या दिवशी कळले.

थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले की, त्यांच्या थोरल्या मुलाने चर्चमधीलच एक मुलगी पसंत केली होती; पण तिचे पणजोबा मांग होते आणि यांचे महार, म्हणून यांनी ते होऊ दिले नाही. ‘आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच बाकावर प्रार्थना केली होती, तिच्या बापाने आणि मी.’ हे ऐकताना मला क्षणभर बरे वाटले. ते लिहिण्याची लाज वाटते, पण वाटले खरे.

मग ते हसून म्हणाले, ‘एका रविवारी मात्र कप बदलला. तुमच्यासारखाच कप आला, त्याच तबकात. मी घरी जाऊन मंडळींना सांगितले, गुरुजींनी आईपुढे तोंड उघडले बरे का.’

मी तोंड उघडले नव्हते. कप बदललेला माझ्या ध्यानातही आला नव्हता. घरी येऊन सौभाग्यवतीस विचारले. ती गहू निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तो मी उकिरड्यावर फेकला. सासूबाई आठ दिवस माझ्या हातचे जेवल्या नाहीत.’

मला ते आठ दिवस आठवतात. लोणच्याला बुरशी आली म्हणून दोघींत काही झाले आहे, अशी माझी समजूत होती. ‘मला का नाही सांगितलेस?’ असे विचारता तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, ‘तुम्ही पंचांग पाहत होता.’

पुतण्याला हे सारे लिहून पाठविले आहे. येत्या रविवारी सरांकडे जायचे आहे. कप कोणी बदलला ते त्यांना सांगावयाचे राहिले आहे. या खेपेस ती बरोबर येईन म्हणते.