‘बाई असूनही’ म्हणे!

रोहिणी गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात गेल्या. त्यानंतर माझ्या कानावर काय आलं? "बाई असूनही केवढं काम केलं हो!" मला ह्या ‘असूनही’चा मनस्वी राग येतो.

काम कोणतं, ते कुणी विचारत नाही. प्रचंड ऊर्जेचे फोटॉन एकमेकांवर आदळले की हेड्रॉन कणांचा कचरा किती उडेल, ह्याचं गणित त्यांनी मॅन्युएल ड्रीस ह्यांच्याबरोबर मांडलं. नव्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरचे आराखडे करणाऱ्यांना ते लक्षात घ्यावं लागलं. आणि ह्या हुजूरपागेच्या मुलीला सातवीपर्यंत शाळेत शास्त्राऐवजी गृहशास्त्र होतं!

दुसरी लाडकी सबब अशी, की मुली शिकतात पण संसारात पडल्या की त्यांनाच संशोधन नकोसं होतं. आमच्या खराडीत, ईऑन आयटी पार्कच्या सावलीत राहणारी सुशिक्षित मंडळीही हेच बोलतात. गोडबोलेबाईंनी अनिता कुरुप वगैरे सहकाऱ्यांसह पीएच. डी. झालेल्या बायकांनाच विचारून २०१० साली अहवाल काढला. संशोधनात नसलेल्या पुष्कळजणींचं उत्तर घर-मुलं हे नव्हतं. नोकरीच मिळाली नाही, हे होतं. म्हणजे नकोसं झालं ते कुणाला?

२८ फेब्रुवारीला आपण रामन ह्यांचा फोटो लावतो. लावावाच. पण १९३३ साली कमला भागवत (पुढच्या सोहोनी, दुर्गाबाईंची बहीण) पदवीला पहिली येऊनही बंगळूरच्या संस्थेत त्यांनी तिला केवळ मुलगी म्हणून नाकारलं होतं. ती हटून बसली तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. आपण ही जिद्दीची गोष्ट म्हणून मुलींना सांगतो. मला ती दरवानाची गोष्ट वाटते. ज्या हटून बसल्या नाहीत, त्यांची नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत.

त्याच संस्थेत १९९५ पासून गोडबोले शिकवत होत्या. २००८ मध्ये राम रामस्वामींसह त्यांनी ‘लीलावतीज डॉटर्स’ हे भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्यांचं पुस्तक संपादित केलं. असो.

आता घरच्यांसाठी. आपल्या भाचीचा प्रबंध निम्मा झालाय आणि स्थळांची यादी मात्र पूर्ण तयार आहे, हे मला कळलंय. काका, मावशी, दिवाळीला ती आली की आधी तिचा विषय काय आहे ते विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा, ती सांगेल.