2 नोव्हेंबर : भुतांचा नव्हे, आठवणींचा दिवस



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मी चौथीच्या मुलांना 'सुट्टीत मी काय केले' यावर पाच ओळी लिहायला सांगते. किल्ला, फटाके, मामाचं गाव, संत्र्याची बाग असं सगळं त्यात येतं. मागच्या वर्षी एका मुलाने वाचून दाखवलं, "आम्ही नागपूरला गेलो. आजोबांची कबर धुतली. फुलं ठेवली, मेणबत्ती लावली." लगेच मागून आवाज आला, "मॅडम, हा मसनात गेल्ता! याले भूत लागन!" अख्खा वर्ग हसला. तो मुलगा वही मिटून खाली बसला.

खरं सांगते, मी फक्त "शांत बसा" एवढंच म्हणाले. त्या दिवसाबद्दल मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. ख्रिस्ती सण म्हटलं की आपली गाडी नाताळ आणि केकपाशी थांबते. गंमत बघा, त्याच आठवड्यात एकजण हॅलोविनचा कवटीचा मुखवटा दप्तरात घेऊन आला होता आणि त्याचं मात्र सगळ्यांना कौतुक!

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की मुखवटा आणि मेणबत्ती एकाच घरच्या.

हा दिवस आला कुठून?

1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. नवव्या शतकात तो या तारखेला पश्चिम युरोपभर रुजला. पुढे फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दुसरा दिवस, म्हणजे 2 नोव्हेंबर, सर्व मृतांसाठी प्रार्थना करायला ठरवून दिला. मठामठांतून तो पसरला आणि सगळ्या कॅथलिक जगाचा झाला. सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजेच हॅलोविन. त्यात आयर्लंडकडच्या जुन्या लोकांच्या, हिवाळा सुरू होतानाच्या चालीरीती मिसळल्या. तिकडे सलगम कोरून दिवे करत. अमेरिकेत गेल्यावर त्याचा भोपळा झाला.

इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब आणि मुलं दारोदार जात. घरचे त्यांना छोटे गोड केक देत आणि ते त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करत. आपली पोट्टी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागतात, ते आठवलं की नाही? मेक्सिकोत तर या दिवशी कबरी झेंडूने सजवतात. आपण दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू मूळचा तिकडचाच.

आपल्या महाराष्ट्रातही कॅथलिक कुटुंबं या दिवशी कबरी स्वच्छ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. धर्मगुरू प्रार्थना करून कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. यात भूत कुठेच नाही.

मग हसायचं कशाला?

आपण सर्वपित्रीला पान वाढतो. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतो. मुस्लिम कुटुंबं शब-ए-बारातला कब्रस्तानात जातात. प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसाची वाट अशीच उजळतं.

काही पालक म्हणतील, "एवढ्या लहान मुलांशी मरणाच्या गोष्टी काहून बोलायच्या?" प्रश्न रास्त आहे. पण आपण बोललो नाही तरी मुलांना ते कळतंच. आपल्या भागात बाप गमावलेली लेकरंही आपल्याच वर्गात बसतात. त्यांना आठवण काढायला जागा नको का? आपण गप्प राहिलो की ती जागा मोबाईलवरची भुतं घेतात.

हॅलोविनवर बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. मुखवटा आणणाऱ्या मुलाला त्यामागची गोष्ट सांगा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला हे सगळं सांगितलं आणि घरचा अभ्यास दिला : 'आमच्या घरी गेलेल्या माणसांची आठवण कशी काढतात?' आजीला विचारून चार ओळी. कुणी घागर लिहून आणली, कुणी आजोबांच्या फोटोचा हार. एका मुलीने लिहिलं, "बाबाले आवडे म्हणून आई त्या दिवशी भरीत करते." वर्ग शांत होता.

त्या मुलाला मी त्याच्या पाच ओळी पुन्हा वाचतोस का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. मी त्याला आग्रह केला नाही. बोलायला एक दिवस उशीर माझाच झाला होता.

तुमचा तो उशीर होऊ नये, म्हणून हा लेख. यंदा सुट्टीनंतर हा अभ्यास तुमच्या वर्गात नक्की देऊन बघा आणि पालकहो, तुमच्या घरची पद्धत आज मुलांना सांगा.