पीएच.डी. झाली, पुढे काय?



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर एका माउलीने विहारातच आम्हांस गाठले. म्हणाल्या, "भाऊ, पोरगा इंजिनिअरिंगात पीएच.डी. झाला. आता म्हणतो, अजून दोन वर्षे संशोधन करतो. त्याचे वडील यंदा रिटायर झाले. किती दिवस शिकायचं हो?"

प्रश्न रास्त आहे. पण हे 'शिकणे' नव्हे, हे घरातल्यांनी समजून घ्यावे. याला पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात. फी नाही, परीक्षा नाही. संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा पैसे मिळतात. आय.आय.टी.सारख्या संस्थेत प्राध्यापक व्हायचे तर हा अनुभव मोलाचा ठरतो.

मग अडते कोठे? माहितीवाचून. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती एम.एस. व पीएच.डी.पर्यंतच आहे. पुढचा दरवाजा वेगळा. तेथे आधी एखाद्या प्राध्यापकाची संमती लागते, मग अर्ज.

देशात अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे. पीएच.डी.प्रमाणेच एम.डी., एम.एस. झालेले डॉक्टरही अर्ज करू शकतात. वयोमर्यादा ३५, अनुसूचित जातींना ५ वर्षांची सवलत. वैद्यकीय संशोधनासाठी आय.सी.एम.आर.चीही फेलोशिप आहे. युरोपातील विद्यापीठांसाठी मारी क्युरी फेलोशिप आहे, पीएच.डी.नंतर ८ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे. मात्र परदेशी फेलोशिपवर गेलेल्या डॉक्टरला तेवढ्यावर तेथे रुग्ण तपासता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

मुलांनी काय करावे? प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधीच शोध सुरू करावा. ज्या प्राध्यापकाकडे जायचे, त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत आणि एक पानाचे पत्र ई-मेलने धाडावे: मी काय केले, तुमच्या कामात मला काय पुढे न्यायचे आहे. एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नये. ते लगेच ओळखू येते. उत्तर न आल्यास खचू नये, दुसऱ्यास लिहावे. मार्गदर्शकांची शिफारसपत्रे वेळेत मागावीत. सवलतीसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. कागदाअभावी हा हक्क गमावू नये. आणि फेलोशिप मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पुढे लंडनला शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नोकरी केली, पैसे जमवले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या काळात घर चालवले ते माता रमाईंनी.

त्या माउलीला आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, पोराला वर्षभर मुदत द्या. पत्रे त्याला लिहू द्या. दाखल्यासाठी तहसील कचेरीत आम्ही बरोबर येतो." घरी येताना मात्र वाटले, हे आधीच सांगायला हवे होते. आपल्या वस्तीत असे आणखी कोणी असतील तर त्यांनी रविवारी विहारात जरूर भेटावे.

जय भीम!