चित्रकला शिकायला पैसे किती लागतात?

विज्ञानाच्या मासिकात चित्रकला कशाला, असे तुम्हांला वाटेल. मला तो विषय मुद्दाम इथेच काढावासा वाटला. का, ते आधी सांगतो.

१६०९ साली दोन माणसांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. इंग्लंडात टॉमस हॅरियटने उन्हाळ्यात आणि इटलीत गॅलिलिओने नोव्हेंबरच्या अखेरीस. हॅरियट मोठा गणिती होता. पण त्याच्या चित्रात उजेड आणि अंधार यांमधली वेडीवाकडी रेघ व थोडे डाग, एवढेच आहे. गॅलिलिओने त्याच चंद्रावर डोंगर आणि खळगे ओळखले. अंधाऱ्या भागात चमकणारे ठिपके म्हणजे उन्हात आलेली शिखरे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याची दुर्बीण जास्त शक्तीची होती, हे खरे. पण खळग्यावर एका बाजूने प्रकाश पडला की सावली कुठे पडते, हे चित्रकलेच्या अभ्यासामुळे त्याला नेमके ठाऊक होते, असे काही इतिहासकार मानतात. मलाही ते पटते. गॅलिलिओचे पुस्तक १६१० साली निघाले आणि मग हॅरियटच्या चित्रांतही खळगे दिसू लागले!

तेव्हा रेषा, प्रमाण, यथादर्शन आणि छायाप्रकाश ही चित्रकलेची मुळाक्षरे ज्याला बेडकाची किंवा फुलाची आकृती काढायची आहे त्याच्याही कामाची आहेत. पण ती शिकायची कुठे? माझ्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताचे सर 'उसना' घेत, आणि तो कधी परत मिळाल्याचे मला आठवत नाही. बाहेर शिकवणी लावावी म्हटले, तर फीचा आकडा ऐकून कितीतरी घरांत बोलणे तिथेच संपते. मूल बिचारे पुन्हा विषय काढत नाही.

माझे मत सरळ आहे. मुळाक्षरांसाठी पैसे भरू नका. घरात इंटरनेट असलेला एक मोबाइल असला, तर तेवढा पुरे.

'ड्रॉ अ बॉक्स' नावाच्या संकेतस्थळाचेच पाहा. त्यावरचे धडे फुकट आहेत आणि क्रमाने लावलेले आहेत. पहिला धडा काय, तर नुसत्या रेघा! मनगटातून नव्हे, खांद्यातून हात फिरवून काढायच्या. मग लंबवर्तुळे, मग ठोकळे. पुढे तर २५० ठोकळे काढण्याचे आव्हानच आहे. तेही शाईच्या पेनाने, म्हणजे खोडरबराचा आधार नाही. (ते विशिष्ट पेन सुचवतात, सरावाला साधे बॉलपेन चालेल, असे मी म्हणतो.) त्यांचा एक नियम मला फार आवडतो: जेवढा वेळ सरावाला द्याल तेवढाच वेळ मनाला येईल ते काढण्यात घालवा. माणसाचे शरीर आणि चेहरा यांसाठी 'प्रोको' या यूट्यूब वाहिनीवर पुष्कळ फुकट धडे आहेत. धडे इंग्रजीत आहेत, ही अडचण खरीच. पण चित्रकलेच्या धड्यात निम्मे काम चित्रच करते. उरलेले ताई-दादाकडून समजावून घ्या. शब्दांचा अर्थ अडला तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

पुस्तकेही आहेत. जॉन रस्किन यांचे चित्रकलेच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक १८५७ साली निघाले. (मुंबईचे जे. जे. कला विद्यालयही त्याच वर्षीचे.) ते 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर मिळते, भाषा जड आहे, मोठ्या वर्गात गेल्यावर उघडा. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराची पुस्तके मात्र आजच पाहावीत. तो १९५९ साली वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून २०२० पासून ती भारतात सर्वांना मोकळी आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण फुकट आणि चोरलेले यांत फरक आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली सुमारे पावणेचार लाख छायाचित्रे कोणालाही वापरायला खुली केली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाच्या संकेतस्थळावर रेम्ब्रांची रेखाटने इतकी मोठी करून पाहता येतात, की रेघ कुठे थांबली तेही दिसते.

नकला करून कोणी चित्रकार होतो का, असे कोणी हिणवले तर त्याला व्हॅन गॉगची गोष्ट सांगा. १८८० साली तो २७ वर्षांचा होता, बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या भागात राहत होता आणि हातात पैसा नव्हता. त्याने शार्ल बार्ग याच्या सरावचित्रांचा संच उसना मागवला आणि एकेक पान नकलून काढले. दहा वर्षांनी, नावाजण्याजोगी चित्रे काढून झाल्यावरही, तो तीच पाने पुन्हा काढत होता. बार्गची ती पाने आज इंटरनेटवर सापडतात.

आता धोका सांगतो, आणि हा मी स्वतः भोगलेला आहे. दुसऱ्याचा हात पडद्यावर चालताना पाहिला की आपल्यालाही येते असे वाटू लागते. मी एकदा आठवडाभर रोज चित्रफिती पाहिल्या आणि कागदाला हात लावला नाही. रविवारी घरातला तांब्या काढायला बसलो, तर त्याचे तोंड एका बाजूला सांडले! चित्रफितीने डेटाही भराभर संपतो. तेव्हा पाच मिनिटे पाहा, मोबाइल पालथा ठेवा आणि अर्धा तास काढा. पाठकोरे कागद आणि एक पेन्सिल, इतकाच खर्च. रंगांचे महागडे खोके किंवा चित्रे काढायचा टॅबलेट यांसाठी आईवडिलांकडे हट्ट धरू नका.

इंटरनेट तुमचे चित्र तपासत नाही, ही मात्र मोठी उणीव आहे. शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील तर ते सर्वांत आधी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणार असाल तर वस्तुचित्राच्या सरावाला त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. ते नसतील तर आरशाकडे जा. चित्र आरशात उलटे दिसते, डोळ्याची सवय मोडते आणि तांब्याचा तिरपेपणा लगेच दिसतो. लिओनार्दोनेही हीच युक्ती सांगून ठेवली आहे. प्रमाण तपासायला पेन्सिल हात ताठ करून धरा आणि एक डोळा मिटून मोजा. कोपर वाकले की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप चुकते. का, ते समरूप त्रिकोणांचे प्रकरण काढून तपासा.

आणि एक प्रयोग, ज्याला इंटरनेटही नको. खिडकीच्या काचेसमोर उभे राहा. एक डोळा मिटा आणि डोके हलू देऊ नका. समोरच्या इमारतीच्या कडा ओल्या साबणाच्या वडीने काचेवर गिरवा. मग प्रत्यक्षात समांतर असलेल्या, पण दूर जाणाऱ्या कडा पट्टी लावून वाढवा. त्या कुठे मिळतात पाहा. काच नंतर पुसून ठेवा.