पटकथेची गुणपत्रिका

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेची फी १०० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तीही माफ. दिल्लीच्या करोल बागेत आणि त्याला चिकटून असलेल्या जुन्या राजेंद्र नगरात बीड, लातूर, सोलापूरकडून आलेल्या मुलांचा मोठा गोतावळा आहे. कुणी बार्टी-सारथी या राज्याच्या संस्थांच्या विद्यावेतनावर, कुणी वडिलांनी काढलेल्या कर्जावर. क्लासची फी, खोलीचे भाडे आणि अभ्यासिकेतली खुर्ची यांनी त्यांचे कंबरडे मोडते, पण परीक्षा घेणारा आयोग त्यांच्याकडून काहीशे रुपयांपलीकडे काही मागत नाही. तेवढ्यात जागा किती, अभ्यासक्रम काय, पेपर कधी, हे आधी छापून मिळते आणि अंतिम निकालानंतर कट-ऑफही जाहीर होतो. हुकलो ते किती गुणांनी, हे मुलाला कळते.

याच गल्ल्यांत रात्री नोट्स बाजूला सारून पटकथा लिहिणारेही आहेत, आणि गफार मार्केटातून घेतलेल्या जुन्या फोनवर शॉर्टफिल्म करणारेही. त्यात नवल नाही. ‘अ‍ॅस्पिरंट्स’ ही २०२१ची मालिका याच राजेंद्र नगरच्या खोल्यांवर बेतलेली होती. आपल्या खोलीची गोष्ट पडद्यावर जाऊ शकते, हे एकदा पाहिले की हात शिवशिवतातच.

मग तो मुलगा पटकथा स्पर्धेला पाठवायची ठरवतो. फी डॉलरमध्ये, तीस-चाळीसच्या घरात. लवकर भरली तर ‘अर्ली बर्ड’, उशीर झाला तर चढ्या दराने. परीक्षक कोण? ‘चित्रपटसृष्टीतील अनुभवी मान्यवर’. प्रवेशिका किती आल्या? मौन. काही आठवड्यांनी मेल येतो: अभिनंदन, आपली पटकथा ‘सेमीफायनलिस्ट’ ठरली आहे. सोबत पानांच्या दोन डहाळ्यांमध्ये महोत्सवाचे नाव बसवलेले ते लॉरेल, पोस्टरवर चिकटवायला. ट्रॉफी हवी असल्यास तिचे पैसे वेगळे, टपालखर्च वेगळा. पटकथेत काय जमले आणि काय फसले हे जाणून घ्यायचे तर त्या अभिप्रायाचीही फी वेगळी. म्हणजे पहिल्या फीमध्ये नेमके काय झाले, हे विचारायची सोय नाही. काही महोत्सव तर दर महिन्याला विजेते जाहीर करतात आणि चित्रपट कुठल्याच पडद्यावर दाखवत नाहीत.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. शंभर पानांची पटकथा नीट वाचायला दोन तास जातात आणि वाचणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. फी घेणे हा काही गुन्हा नाही. स्पर्धेने नशीब उघडल्याची उदाहरणेही आहेत. विप्लव गोस्वामी यांची ‘टू ब्राइड्स’ ही पटकथा २०१८च्या सिनेस्तान स्पर्धेत उपविजेती ठरली. परीक्षकांत आमिर खान होते. त्याच पटकथेतून किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ आला आणि भारतातर्फे ऑस्करला गेला. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ व्हेनिसच्या ‘बिएन्नाले कॉलेज’ या चित्रपट-कार्यशाळेत घडला आणि २०२५ साली सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मराठीत घेऊन आला. या दोन्ही ठिकाणी लेखकाला पदक मिळाले ते नंतर. आधी त्याला मिळाला वाचणारा माणूस.

गोस्वामी यांची आणखी एक गोष्ट नव्या लेखकाने ध्यानात ठेवावी. ‘लापता लेडीज’वर उचलेगिरीचा आरोप झाला तेव्हा त्यांनी केवळ स्पर्धेच्या पारितोषिकावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी दाखवली पटकथालेखक संघटनेकडची नोंदणी: २०१४ची सारांशाची आणि २०१८ची संपूर्ण पटकथेची.

ही सावधगिरी का, याचे उत्तर दिल्लीतच घडून गेले आहे. आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुविशारद, हौसेने नाटककार. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांच्या शेजारातून प्रांतवादावर बोट ठेवणारे त्यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या वेव्हेल थिएटरात झाले. मुंबईहून दिग्दर्शक मोहन सहगल यांचे पत्र आले, पुढे ते स्वतः दिल्लीला आले आणि आनंद यांनी त्यांना अख्खे नाटक वाचून दाखवले. आजच्या भाषेत नॅरेशन दिले. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ चित्रपट लागला, तोच प्रांतवाद आणि तशीच दोन कुटुंबे घेऊन. आनंद कोर्टात गेले, खाली हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती तिच्या मांडणीवर. आणि चित्रपटाची मांडणी वेगळी आहे, असा तो निकाल. कायदा म्हणून तो योग्यच. कल्पना कुलुपात घातल्या तर उद्या कुणी काही लिहूच शकणार नाही. पण नवख्या लेखकाची मिळकत बहुतेक वेळा कल्पनाच असते. ती तो परक्या परीक्षकांच्या हवाली करतो, तीही स्वतःच्या खिशातून फी भरून.

म्हणून स्पर्धांकडे फार मोठे मागणे नाही. परीक्षकांची नावे आधी सांगा, प्रवेशिका किती आल्या ते सांगा, पटकथेचे हक्क लेखकाकडेच राहतील हे मोठ्या अक्षरांत छापा आणि बाद ठरलेल्याला निदान दहा ओळींचा अभिप्राय द्या. कलेला गुण कसे देणार, ही सबब चालणार नाही. आयोग २५० गुणांचा निबंध आणि २७५ गुणांची मुलाखत घेतो. त्यातही माणसाची मर्जी असतेच, तरी आकडा लपवला जात नाही.

आणि लिहिणाऱ्यांनी एवढे करावे: नोंदणी केल्याशिवाय पटकथा कुठेही पाठवू नये, आणि ‘माझी पटकथा कोण वाचणार?’ या प्रश्नाला जी स्पर्धा नावानिशी उत्तर देत नाही तिला एक डॉलरही देऊ नये. त्या फीच्या पैशांत राजेंद्र नगरात बरेच दिवस जेवण होते.