बीडी आधी, भाकरी नंतर

आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेची पाटी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, हे वाक्य आम्हीच मुलांकडून त्या भिंतीवर रंगवून घेतले. आणि त्या १०० यार्डांपलीकडे जी पहिली टपरी लागते, तिथे मधल्या सुट्टीत आमची बीडी पेटत असे. एक-दोन नव्हे, १९ वर्षे. बी.एड.च्या वसतिगृहात लागलेली सवय केजला नोकरी लागल्यावरही सुटली नाही. मुलांना यातले काही ठाऊक नाही असा आमचा समज होता. मुलांना सगळे ठाऊक असते.

गेल्या वर्षी पायांची आग व्हायला लागली, रात्री तीन-तीनदा उठावे लागायचे, म्हणून रक्त तपासले. उपाशीपोटीची साखर १७८ निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी, ती ८.९. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे एका गोळीत दिली. साखर बंद करा, भात-भाकरी बेताने खा, रोज चाला आणि बीडी सोडा, असे सांगून महिन्याने बोलावले.

आम्ही घरी येऊन ठरवले की उद्यापासून सगळे एकदम. नवा गडी, नवे राज्य.

आमच्या मराठवाड्यात ‘दीक्षित डाएट’ हे शब्द न ऐकलेला माणूस शोधावा लागेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली कल्पना लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्याने देऊन पोहोचवली. खाल्ले की शरीरात इन्सुलिन सुटते, म्हणून दिवसातून फक्त दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे. मधे काही नाही. गोड कमी आणि ४५ मिनिटे चालणे. यात भाकरीला बंदी नाही, हे नीट लक्षात घ्यावे. पण आम्ही अतिशहाणे. मोबाइलवर कुठेतरी पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करण्याचाही सल्ला पाहिला होता. दोन्हींची खिचडी केली. सकाळचा नाश्ता बंद, दिवसाला तीन भाकरींच्या जागी एक, भात बंद, वर बीडीही बंद. डॉक्टरांना यातले काहीच कळवले नाही. गोळी मात्र इमानेइतबारे सकाळी आठला घेत होतो.

पहिले चार दिवस डोके दुखले, पोट साफ होईना, रात्री झोप नाही. घरात मुलांवर ओरडलो, वर्गात एका मुलावर खडू फेकला. बेगम म्हणाल्या, “बीडीची तलफ आहे, जाईल.” आम्हालाही तेच वाटले.

नवव्या दिवशी चारच्या सुमारास मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो होतो. हात थरथरू लागले. अक्षरे हलू लागली. छातीत धडधड, शर्ट घामाने ओला, आणि जगातल्या प्रत्येक माणसाचा राग. मनाने सांगितले, ही तलफ आहे, आता एक ओढल्याशिवाय सुटका नाही. उठलो आणि टपरीवर गेलो. बीडी मागितली, पेटवायला तीन काड्या लागल्या. दोन झुरके घेतले तरी थरथर थांबेना, उलट डोळ्यांपुढे अंधारी आली. टपरीवाल्या चाचांनी हाताला धरून बाकड्यावर बसवले. “सर, पसीना कायकू आरा इत्ता? बैठो पैले.” शेजारच्या मेडिकलमध्ये आमचा जुना विद्यार्थी कामाला आहे. तो बोटाला टोचायचे यंत्र घेऊन धावत आला. साखर ५६.

त्या पोराने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, ८८. थरथर गेली, रागही गेला. बीडी तशीच बाकड्याच्या कडेला विझून पडली होती. ज्याला आम्ही तलफ समजत होतो ती तलफ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसलो. त्यांनी आधी डोस कमी केला, मग समजावले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण साखरेची गोळी आणि बीडी या दोन्ही गोष्टी एकाच उशाशी असलेली घरे आमच्या माहितीतच दहा-बारा आहेत.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही तीन भाकरी खाल्ल्या की एक, हे ती विचारत नाही. डोस ठरला तो तीन भाकरींच्या माणसासाठी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग असतो. एका मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे दोन भाकरी कमी केल्या की ७०-८० ग्रॅम पिष्ट ताटातून गेले, वर नाश्ता नाही, आणि गोळी तेवढीच. साखर घसरणारच. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसती मेटफॉर्मिन असेल तर असे सहसा होत नाही. म्हणून आपल्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे, आणि ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. नंतर नव्हे, आधी. त्यात बीडी-सिगारेटमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ती सुटल्यावर काहींची औषधाची गरजही कमी होते. म्हणजे आम्ही दोन्ही बाजूंनी खड्डा खणला होता.

खरी मेख पुढे आहे. साखर घसरली की हात कापतात, घाम येतो, धडधडते, चिडचिड होते, डोके दुखते. निकोटीन तुटले की चिडचिड, बेचैनी, डोकेदुखी, झोप उडणे, कशात लक्ष न लागणे. आणि भाकरी-भात एकदम कमी केला की पहिल्या आठवड्यात शरीरातले पाणी आणि मीठ लघवीवाटे जास्त जाते, त्यानेही डोके दुखते, गळाल्यासारखे होते. बद्धकोष्ठ तर दोन्हींनी होते, बीडी सोडल्यानेही आणि भाकरी कमी केल्यानेही. तीन त्रास एकमेकांचे कपडे घालून येतात. बाहेरून ओळखू येत नाहीत. ओळखायचा मार्ग एकच, बोटाला टोचून पाहणे. ७० च्या खाली आकडा असेल तर ती तलफ नाही, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि मग काहीतरी खायचे. यंत्र जवळ नसेल आणि शंका असेल तरी साखर घ्यावी. एका दिवसाच्या साखरेने काही बिघडत नाही, रस्त्यात पडण्याने बिघडते.

चहाची गोष्ट आम्हाला सर्वांत नवी वाटली. बीडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन भराभर निकालात काढते. धूर बंद झाला की काही दिवसांतच हा वेग मंदावतो, आणि तेवढ्याच कपांत रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकते. आम्ही बीडी सोडली त्या आठवड्यात बीडीऐवजी म्हणून चहा वाढवला होता. बिनसाखरेचा, म्हणून निर्धास्त. झोप का उडाली आणि धडधड का वाढली, याचे अर्धे उत्तर कपात होते.

मग आधी काय सोडायचे? डॉक्टरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, बीडी. भाकरी दोन महिने थांबेल, बीडी थांबणार नाही. वजन वाढेल, वाढू द्या. धूम्रपान सोडणाऱ्यांचे वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. निकोटीन भूक मारते आणि शरीराची जळण किंचित वाढवते, ते गेले की भूक परत येते. काहींचे अजिबात वाढत नाही, काहींचे १० किलोही वाढते. पण त्या किलोंच्या धास्तीने पुन्हा बीडी पेटवणे हा तोट्याचाच सौदा. आमचेही मत आता हेच आहे. सगळे एकदम करून दाखवणारी माणसे असतील, त्यांना सलाम. आम्ही त्यातले नाही.

दुसऱ्या खेपेला असे केले. तीन भाकरींवरून दोनवर आलो आणि तिथेच थांबलो, नाश्ता परत सुरू केला, दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी. चहातली साखर मात्र परत आणली नाही, आणि चहाही चारचा दोनवर. निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम डॉक्टरांना विचारून घेतले. ते चिंगमसारखे सारखे चघळायचे नसते, हे आम्हाला उचकी लागल्यावर कळले. हळू चावायचे, झणझणले की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचे, थोड्या वेळाने पुन्हा दोन-चारदा चावायचे. त्याच्या आधी पंधरा मिनिटे चहा नको, ताकही नको. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. ती ओसरेपर्यंत आम्ही स्टाफरूममधून उठून मैदानाला एक फेरी मारत असू. मुले म्हणत, सर गस्त घालतात. पोटासाठी रात्री इसबगोल, जेवणात काकडी आणि मेथी किंवा करडईची भाजी, भरपूर पाणी.

पहिला आठवडा वाईट गेला, त्यातही दुसरा-तिसरा दिवस. तीन आठवड्यांनंतर तलफ कधी आली ते आठवावे लागे. वजन ३ किलो वाढले. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केली, आणि मग कुठे भाकरीकडे वळलो. आता दोन वेळचे जेवण, प्रत्येक वेळी एक भाकरी, आधी कच्चे आणि मोड आलेले खायचे, मग भाजी किंवा सालन. भाकरी हा वैरी नाही. वैरी टपरीवर होता.

आपल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. पिष्ट कमी म्हटले की आपल्याकडे पुरुषांना एकच ऐकू येते, गोश्त वाढवा. आम्हीही आठवडाभर रोज मटण चापले, वर पाया. एकोणीस वर्षे बीडीचा धूर ज्या रक्तवाहिन्यांतून गेला त्यांवर रोजची चरबी लादणे शहाणपणाचे नाही. त्यातून मधुमेह जुना असेल, मूत्रपिंडाला धक्का असेल, तर प्रथिने किती घ्यायची हेही डॉक्टरांनीच सांगावे. अंडी, मासे, चिकन, डाळी, मूठभर शेंगदाणे आहेतच. आणि बिर्याणीतले नुसते बोटी वेचून खाण्याचा प्रयोग दावतीत करू नये. शेजारी बसलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही.

रमजानचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आम्ही दर वर्षी रोजे धरत होतो. सहेरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास बीडीवाचून सहज जात. मग मगरिबची नमाज झाली की पहिल्या बीडीने गरगरायचे, आणि तरावीहच्या आधी दुसरी. दिवसभर का जमते याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. दिवसा चहा नसतो, टपरी नसते, जेवणानंतरचा तो रिकामा क्षण नसतो, आणि बीडी मिळणार नाही हे मनाने आधीच मान्य केलेले असते. म्हणजे अर्धी तलफ रक्तात असते आणि अर्धी टपरीच्या बाकड्यावर. रमजानला सोडायची असेल तर इफ्तारनंतरचा तासभर कुठे आणि कुणाबरोबर घालवायचा, ते पहिल्या रोज्याच्या आधी ठरवावे. साखरेची गोळी चालू असेल तर रोज्यांपूर्वीच डॉक्टरांना भेटून वेळा आणि डोस बदलून घ्यावा. सोबत कुणी नसेल त्यांच्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात.

हे सगळे बीडीबद्दल लिहिले, पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ शेकड्याला ४ सुद्धा भरले नाहीत, आणि न जळणारा तंबाखू घेणारे २४ च्या वर निघाले. त्यात आपल्या घरच्या बायकांची मिश्री आहे. तलफेचे वर लिहिले ते तिलाही लागू, फक्त चहाची गोष्ट सोडून, कारण तो खेळ धुराचा आहे, निकोटीनचा नाही. मिश्रीवर पुढच्या महिन्यात लिहायचे ठरवले आहे. माहिती घरातच आहे. काल अम्मीजवळ बसून हळूच विषय काढला, तर त्या डबी पदराखाली सरकवत म्हणाल्या, “तुझी सुटली ना? मग माझ्या डबीकडे काय बघतोस?”