वक्त्याला वायरचा माइक द्या

नोकरीमुळे आम्ही चेन्नईजवळ एन्नोरला राहतो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, शेजारी बंदर आणि वीजकेंद्र. खाऱ्या हवेने इथे घरातली कात्रीसुद्धा गंजते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीत शिकणारा आमचा कॅडेट इथे आला होता. मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात तो परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर बोलायला उभा राहिला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी कसे दूर केले, हे त्याला पाठ होते. तिसऱ्या वाक्याला कॉर्डलेस माइक खरखरला आणि बंद पडला. लोक हसले. खाली आल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाबा, मी घाबरलो नव्हतो."

मला ते ठाऊक होते, पण समोरच्यांना तो अडखळलेलाच दिसला.

नंतर मी साउंडवाल्याबरोबर बसलो. रिसीव्हर स्टेजमागे, लोखंडी कपाटाआड जमिनीवर ठेवलेला. या माइकच्या लहरी लोखंड अडवते आणि माणसाचे शरीरही शोषून घेते. मुलाने माइक अगदी शेपटाशी धरला होता. हातातल्या बऱ्याच माइकची अँटेना तिथेच असते. सेल आदल्या दिवशीचे, स्प्रिंगला गंज. त्यात तीन माइक चालू, ५००, ५००.४ आणि ५००.८ मेगाहर्ट्झवर, सारखे अंतर राखून. इथेच गोम आहे. ५००.४ च्या दुपटीतून ५०० वजा करा: ५००.८! पहिल्या दोन माइकच्या लहरी मिसळून नेमका तिसऱ्याच्या जागी अडथळा तयार होतो. सारखे अंतर परेडला शोभते, माइकला नाही.

शिवाय जागाही आक्रसते आहे. अमेरिकेने ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले असे माइक २०१० मध्येच बंद केले. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात तो पट्टा मोबाइलसाठी विकला गेला. जुना स्वस्त माइक घेताना त्यावरचा आकडा जरूर वाचावा.

माझे मत सरळ आहे. शाळेत जो एका जागी उभा राहून बोलतो, त्याला वायरचा माइक द्यावा. वायर पायात येते, वाईट दिसते, असे कोणी म्हणेल. ती टेपने चिकटवता येते. नाटकाला मात्र कॉर्डलेस लागणारच. तेव्हा रिसीव्हर उंचावर, स्टेज नजरेत राहील असा ठेवावा, सेल नवे घालावेत, आणि दोन कॅडेटनी तासभर आधी सगळे माइक एकदम चालू करून स्टेजच्या चारही कोपऱ्यांत बोलून पाहावे. वायरलेस सेटची तपासणी न करता कोणती तुकडी निघते?

आणखी एक विनंती शिक्षकांना. वक्तृत्व स्पर्धेत माइक बंद पडला, तर त्या मुलाला पुन्हा पहिल्या वाक्यापासून बोलू द्यावे आणि त्याची वेळही नव्याने मोजावी. नियमपत्रिकेत ही एक ओळ यंदाच घालता येईल.